भरतकामाच्या दोऱ्याचे गोंड्याचे कानातले: एका लडीत एक जोड, आणि तोही सारखा

एक गोंडा कोणीही करतं. दोऱ्याला वेढे दिले, वरून गाठ मारली, खालून कापलं की झाला. घोळ दुसऱ्या गोंड्याला होतो, कारण तो पहिल्यासारखा होतच नाही, एक जाडा निघतो एक बारीक, एकाचा गळा (डोक्याखाली आवळून बांधतो तो भाग) वर येतो दुसऱ्याचा खाली, मग सारखे करायला याचं थोडं काप त्याचं थोडं काप करत दोन्ही इतके आखूड होतात की शेवटी चावीला लावावे लागतात. म्हणून इथे जी पद्धत सांगतेय त्यात दोन्ही गोंडे एकाच गुंडाळीतून निघतात. एकदा वेढे द्यायचे, दोन्ही टोकांना बांधायचं, मधून कापायचं. वेढे मोजायला चुकलात तरी दोन्हीकडे तेवढीच चूक होते, त्यामुळे कळत नाही.

सामान काय काय लागेल

दोरा अँकरचा सुती घ्या, भरतकामाला आपण वापरतो तोच. एक लडी ८ मीटरची असते आणि दोरा सहा पदरी असतो. भरतकामात आपण दोन-तीन पदर सुटे करून घेतो तसं इथे अजिबात करायचं नाही, अख्खा सहा पदरी दोराच गुंडाळायचा. परदेशात असाल तर डीएमसीची लडी मिळेल, तीही ८ मीटर आणि सहा पदरी, त्यामुळे खालचं सगळं गणित तसंच चालेल. एकाच रंगाचे दोन-चार जोड करायचे असतील तर सगळ्या लड्या एकदमच आणा. नंबर तोच असला तरी नंतर आणलेल्या लडीचा रंग कधीकधी किंचित वेगळा निघतो आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते दिसत नाही, घरी उन्हात दिसतं.

चकचकीत सिल्क थ्रेडचं रीळ मिळतं ना, बांगड्यांवर गुंडाळतात ते, त्याचेही गोंडे सुंदर होतात, पण पहिल्यांदाच करत असाल तर नको. तो दोरा बारीक असल्यामुळे वेढे कितीतरी जास्त द्यावे लागतात, वर तो घसरतो आणि गाठ सुटते. आधी सुती दोऱ्यावर हात बसू दे.

बाकी: कानातले हूक एक जोड, ८ मिलिमीटरच्या जंप रिंग, म्हणजे उघडता-बंद करता येणाऱ्या धातूच्या छोट्या कड्या, दोन (चार-सहा जास्तीच्या आणा, त्या जमिनीवर पडल्या की परत सापडत नाहीत), चपट्या तोंडाच्या दोन छोट्या पकडी, धारदार कात्री, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, बारीक दातांची फणी आणि फॅब्रिक ग्लू. कात्रीवर कंजुषी करू नका. किचनमधली दुधाच्या पिशव्या कापायची कात्री दोरा कापत नाही, चावते, आणि खालची कड मग कायम कुरतडल्यासारखी दिसते.

हे सगळं पुण्यात तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत, मुंबईत भुलेश्वरला सहज मिळतं, ऑनलाइनही मिळतं. हूक घेताना मात्र जरा बघून. स्वस्तातल्या हुकांमध्ये बऱ्याचदा निकेल असतं आणि कितीतरी जणींचे कान त्याने खाजतात, लाल होतात, पाणी सुटतं. तुमचे कान तसे असतील तर सर्जिकल स्टील किंवा ९२५ चांदीचे हूक घ्या, थोडे महाग पडतात पण ते जन्मभर परत परत वापरता येतात, गोंडे बदलत राहायचे.

आणि हो, एक जुनं एटीएम कार्ड. मुदत संपलेलं. गुंडाळायला याच्यासारखी चांगली वस्तू नाही, पुठ्ठा दहा वेढ्यांनंतर वाकायला लागतो आणि शेवटचे वेढे आखूड पडतात, कार्ड वाकत नाही आणि त्याच्या कडा गुळगुळीत असल्याने दोरा अडकत नाही.

सुरुवातीआधी रंग तपासा

हे सगळे विसरतात. लाल, मरून, काळा, गडद निळा असल्या रंगांचा दोरा असेल तर दोन बोटं दोरा कापून पाण्यात भिजवा आणि पांढऱ्या सुती कापडावर दाबून चोळा. चांगल्या कंपनीचा दोरा सहसा रंग सोडत नाही, पण सुट्टा, लेबल नसलेला दोरा आणला असेल तर भरवसा नाही. गोंडा मानेपर्यंत येतो, मानेला घाम असतो, आणि खाली ऑफव्हाइट कुर्ता असला की काय होईल ते सांगायला नको. रंग उतरला तर तो दोरा कानातल्यांना वापरूच नका, बॅगेला गोंडा करा.

वेढ्यांचं गणित

कार्डाची लांब बाजू साधारण साडेआठ सेंटीमीटर. तिच्यावरून एक वेढा म्हणजे जाऊन-येऊन १७ सेंटीमीटर. लडीतून आधी १ मीटर दोरा कापून बाजूला ठेवायचा, तो बांधायला आणि गळ्याला लागतो. हे आधीच करा, नाहीतर सगळी लडी गुंडाळून होते आणि बांधायला दोरा उरत नाही. राहिले ७ मीटर. त्यात जवळपास ४० वेढे होतात. मधून कापल्यावर प्रत्येक गोंड्यात ८० टोकं येतात आणि प्रत्येक टोकाचे सहा पदर फणीने सुटे झाले की ४८० बारीक झिरमिळ्या. कानातल्यासाठी हा भरगच्चपणा पुरेसा आहे, याहून जाड केलात तर गोंडा लटकायच्या ऐवजी ब्रशसारखा उभा राहतो.

गोंड्याची पूर्ण उंची सव्वाचार सेंटीमीटर येते, कापून-सवरून चारच्या आसपास. रोज ऑफिसला घालायला बरोबर. लग्नाबिग्नाला खांद्यापर्यंत येणारे हवे असतील तर १६ सेंटीमीटर रुंदीचा जाड पुठ्ठा किंवा पातळ पुठ्ठ्याचं पुस्तक घ्या आणि त्याच रंगाच्या दोन लड्या. दोन लड्यांत बांधायचा मीटरभर दोरा वजा करून ४५-४६ वेढे बसतात आणि ८ सेंटीमीटरचे गोंडे होतात. एकाच लडीत लांब गोंडे ओढूनताणून बसवायला जाऊ नका, ते केविलवाणे दिसतात.

आता करायला घ्या

लडीचं सुटं टोक हळू ओढा, दोरा आपोआप येत राहतो. मध्येच अडकला तर झटका देऊ नका, कागदी पट्ट्या काढून लडी खुर्चीच्या पाठीला अडकवा आणि तिथून उकलत घ्या. नंबराची पट्टी जपून ठेवा, पुढच्या वेळी तोच रंग आणायला.

१ मीटर कापला त्याचे चार तुकडे करा, दोन २० सेंटीमीटरचे आणि दोन ३० सेंटीमीटरचे. २० वाले वर बांधायला, ३० वाले गळ्याला. गळा जरीच्या किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने करायचा असेल तर ३० वाले तुकडे त्याचे घ्या.

आता कार्डावर लांब बाजूने वेढे द्या. ताण हा इथला मुख्य मुद्दा. दोरा फक्त कार्डाला टेकून बसला पाहिजे, आवळायचा नाही. सुती दोरा ताणला की थोडा लांबतो आणि कापल्यावर आक्रसतो, म्हणून पहिले वेढे सैल आणि शेवटचे घट्ट असे दिलेत तर खालची कड जिन्यासारखी येते. वेढे एकावर एक एकाच जागी चढवू नका, कार्डाच्या मधल्या दोन-अडीच सेंटीमीटरमध्ये पसरून द्या, मग परत उलटे येत दुसरा थर. मध्ये फोन आला तर अंगठ्याने दाबून धरा आणि स्पीकरवर बोला, दोरा सोडलात तर परत पहिल्यापासून.

वेढे झाले. सुईत २० सेंटीमीटरचा तुकडा ओवा आणि कार्डाच्या एका आखूड कडेला, सगळ्या वेढ्यांच्या खालून, सुई आरपार सरकवा. एकही वेढा सुटता कामा नये, सुई काढायच्या आधी कडेवर नखाने चाचपून बघा. सुई काढून दोऱ्याची गाठ मारा, पण साधी नाही, पहिल्या गाठीत दोरा एकाऐवजी दोनदा फिरवा आणि मग ओढा. असं केलं की दुसरी गाठ मारेपर्यंत पहिली सैल पडत नाही. घट्ट म्हणजे चांगली घट्ट ओढा, सगळे वेढे एका जागी गोळा झाले पाहिजेत. मग त्याच्यावर अजून एक साधी गाठ. उरलेली टोकं कापू नका, ती खाली झिरमिळ्यांत मिसळून जातात. आता कार्ड फिरवा आणि समोरच्या कडेला दुसऱ्या तुकड्याने हेच करा.

आता कात्री. कार्डाच्या बरोबर मध्यावर आधीच मार्करने रेघ मारून ठेवली असेल तर उत्तम, गुंडाळल्यावर ती वेढ्यांच्या बाजूला दिसत राहते. कात्रीचं खालचं पातं कार्ड आणि दोऱ्याच्या मध्ये घाला आणि रेघेवरून कापत जा, एका बाजूने झालं की कार्ड पालथं करून दुसऱ्या बाजूने. हातात दोन जुडगे येतील, अजून गोंड्यासारखे दिसणार नाहीत, विस्कटलेले दिसतील. घाबरू नका.

जंप रिंग घालायची वेळ हीच, गळा बांधायच्या आधी. रिंग उघडताना दोन पकडींनी दोन्हीकडे धरून एक टोक आपल्याकडे आणि एक टोक पलीकडे असं फिरवा. बाहेरच्या दिशेला ओढून फाकवलीत तर तिचा गोल बिघडतो आणि परत नीट बंद होत नाही, राहिलेल्या फटीतून दोरा हळूहळू निसटतो. उघडलेली रिंग सगळ्या जुडग्याच्या पोटातून, म्हणजे जिथे दोरा दुमडलाय तिथून, घाला. बरेच जण ती नुसत्या बांधलेल्या गाठीच्या दोऱ्यात अडकवतात, ते सोपं पडतं, पण मग सगळा गोंडा त्या एका दोऱ्यावर लटकतो आणि एक दिवस रिक्षात पडतो. जुडगा जाड वाटला आणि रिंगमध्ये हुकाला जागाच उरली नाही तर १० मिलिमीटरची रिंग घ्या. बंद करतानाही तसंच, फिरवून. दोन्ही टोकं भेटताना बारीकसा 'टिक' हाताला लागतो, तो लागला की बंद झाली समजा.

गळा

गोंड्याचं सगळं रूप गळ्यावर. इथे घाई नको.

रिंग वर धरून जुडगा खाली सोडा, बोटांनी दोन-तीनदा खाली ओढून सगळे दोरे सरळ करा. रिंगपासून साधारण ८ मिलिमीटर खाली गळा यायला पाहिजे. दोन्ही गोंड्यांवर तो एकाच उंचीवर यावा म्हणून कार्डाच्या कडेवर पेनाने खूण करा आणि दोन्ही गोंडे त्याच खुणेला लावून बघा, अंदाजाने करू नका, डोळ्याला अर्धा मिलिमीटर कळत नाही पण दोन कानांत घातल्यावर आरशात बरोबर कळतो.

३० सेंटीमीटरच्या दोऱ्याचं एक टोक वर, रिंगच्या दिशेने ठेवा. तिथून दोरा खाली आणून एक लांबट फास करा, फासाचं टोक खाली झिरमिळ्यांकडे आलं पाहिजे, आणि दोरा परत वर गळ्याच्या जागी न्या. आता या फासाच्या दोन्ही दोऱ्यांवरूनच गळ्याला वेढे द्यायचे, वरून खाली, एकाला एक चिकटून, सहा-सात वेढे. इथे मात्र चांगलं आवळायचं, वर कार्डाला सांगितलं त्याच्या उलट. खाली पोचलात की फासाचं तोंड अजून बाहेर दिसत असेल, हातातलं टोक त्यातून ओवा. मग वर राहिलेलं पहिलं टोक हळूहळू वर ओढा. फास आत सरकतो आणि दुसरं टोक घेऊन वेढ्यांच्या खाली जातो. तो मधोमध पोचला की थांबा, पूर्ण बाहेर ओढलात तर सगळं सुटून हातात येईल. आता दोन्ही टोकं वेढ्यांना लागून कापा. गाठ कुठेच दिसत नाही आणि सुटतही नाही.

हे वाचताना किचकट वाटतं, एकदा जाड लोकरीवर पेन्सिलभोवती करून बघा, लगेच डोक्यात बसतं.

जरीचा दोरा वापरलात तर तो घसरतो, म्हणून टोकं कापल्यावर तिथे सुईच्या टोकाने फॅब्रिक ग्लूचा इवलासा ठिपका द्या. फॅब्रिक ग्लू नसेल तर फेव्हिकॉलही चालतो, वाळल्यावर दिसत नाही, फक्त पाण्याने सुटू शकतो. पण फेव्हीक्विक नाही. त्या जातीचा ग्लू सुती दोऱ्यावर पडला की दोऱ्याशी त्याची रिॲक्शन होऊन तो एकदम गरम होतो, जास्त पडला तर बोट भाजू शकतं, आणि वाळल्यावर पांढरा कडक डाग राहतो तो वेगळाच. घराघरात तोच असतो म्हणून सगळे त्याच्याकडेच जातात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

वाफ, फणी आणि शेवटचा कट

लडीत घडी पडून पडून दोरा नागमोडी झालेला असतो. रिंग पकडीत धरून गोंडा उकळत्या पाण्याच्या वाफेवर पाच-दहा सेकंद धरा, हात लांब ठेवा, वाफेचा चटका वाईट. स्टीम इस्त्री असेल तर तीच उभी धरून वाफ सोडा. गरम असतानाच बोटांनी खाली ओढून सरळ करा, दोरे तिथेच बसतात. सिल्क थ्रेडच्या गोंड्याला मात्र वाफ अगदी कमी, तो बऱ्याचदा व्हिस्कोसचा असतो आणि व्हिस्कोस ओला झाला की कमजोर होतो, ओढाताण केलीत की तुटतो.

वाळल्यावर फणी. वरून खाली ओढू नका, आधी खालचं टोक विंचरा मग थोडं वर मग अजून वर, लांब केसांतला गुंता काढतो तसं. सहा पदर सुटे होत जातात आणि गोंडा फुलतो. प्रत्येक दोरा सुटा झालाच पाहिजे असं नाही, मला तर अर्धवट सुटलेला गोंडाच आवडतो, त्याला जरा वजन दिसतं.

सगळ्यात शेवटी कापायचं, वाफेच्या आधी नाही, कारण वाफेने दोरे सरळ होऊन लांबी बदलते. कागदाची ३ सेंटीमीटर रुंद पट्टी कापा. गळ्याच्या खालच्या कडेला पट्टीची वरची कड लावून ती गोंड्याभोवती घट्ट गुंडाळा, नळी होईल. नळीच्या खाली जेवढं बाहेर डोकावतंय तेवढं एका सरळ कापात उडवा. कात्री छोटी असेल तर दोन कापात, पण कुरतडत नाही. तीच पट्टी, तीच, दुसऱ्या गोंड्याला वापरा. मग दोन्ही रिंग एका काडीत अडकवून शेजारी लटकवा आणि डोळ्यांच्या समोर धरून बघा. एखादा दोरा बाहेर आलेला दिसेल, तेवढाच कापायचा. इथे हात आवरता आला पाहिजे.

हुकाची खालची कडी पकडीने तशीच फिरवून उघडा, जंप रिंग त्यात घाला, बंद करा. झाला जोड.

थोडे प्रकार

दोन रंगांचा करायचा तर दोन लड्यांचे दोरे एकत्र धरून २० वेढे द्या, रंग मिसळून येतात. रंगाचे पट्टे हवे असतील तर आधी एका रंगाचे २० आणि त्याच्या शेजारी दुसऱ्याचे २०, पण विंचरल्यावर ते थोडे मिसळतातच, काटेकोर पट्टा राहत नाही.

गळ्यावर टोपीसारखी बसणारी धातूची बीड कॅप मिळते, तिने डोकं झाकलं जातं आणि गोंडा एकदम दुकानातला दिसतो. गळा नीट जमला नसेल तेव्हा फार उपयोगी. कॅप घेताना करायचा गोंडा सोबत न्या, आतला व्यास बाहेरून कळत नाही. कॅपच्या भोकातून रिंग जात नाही, म्हणून रिंगऐवजी वरच्या गाठीच्या दोऱ्याची दोन टोकं भोकातून वर काढून त्यात रिंग बांधावी लागते. एवढ्या एका प्रकारात भार गाठीवर येतो, म्हणून तिथे आतून ग्लू हवाच.

नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग पाळणाऱ्या सगळ्याजणींसाठी सगळ्यात कामाचा प्रकार हा: हुकाला गोंडा लावायचाच नाही. साध्या गोल बाळ्या घ्या, ज्यांची तार एका बाजूने उघडते अशा, आणि प्रत्येक रंगाच्या जोडीला १० मिलिमीटरची रिंग लावून ठेवा. सकाळी बाळीत त्या दिवसाच्या रंगाचा गोंडा ओवायचा, संध्याकाळी काढायचा. नऊ लड्या, नऊ जोड, बाळ्या एकच. फक्त पिवळा आणि पांढरा सगळ्यात आधी करा, लाल-निळ्याचे बारीक तंतू हाताला आणि फणीला लागलेले असतात आणि ते पांढऱ्यावर लगेच दिसतात.

वापरताना

परफ्यूम आणि हेअर स्प्रे आधी मारा, कानातले नंतर घाला. डब्यात आडवे कोंबून ठेवलेत की गोंडे वाकडे होतात, शेवटच्या कटाला वापरली तशी कागदाची नळी त्यांच्यावर चढवून ठेवा, प्रवासातही तसेच न्या. वाकडे झालेच तर परत वाफ दाखवा, सरळ होतात. धुवायचे नाहीत, मळले तर ओल्या कपड्याने वरवर पुसा.

वर्षभर घातल्यावर खालची टोकं पिंजारतात. एकदा दोन-तीन मिलिमीटर कापून चालतं, दुसऱ्यांदा आखूड दिसायला लागतात. मग पकडीने रिंग फिरवून हूक काढून घ्या, दोरा टाकून द्या आणि त्याच हुकाला नवीन लडीचा जोड करा.